गुळातला उजेड

गुऱ्हाळात घाई करून चालत नाही आणि उशीर झालेलाही चालत नाही, आणि या दोन्हींचा हिशेब एकट्या गुळव्याच्या डोक्यात असतो. चुलाणात चिपाडं सारणारा जाळ कमी-जास्त करतो, रानभेंडीच्या चिकाला चिकटून वर आलेली मळी झाऱ्यानं काढणारा वेगळा असतो. काहील कधी उतरवायची हे मात्र गुळव्याच सांगतो. रस आटत येतो तसे बुडबुडे बदलतात, वास बदलतो, रंग पिवळ्यावरून सोनेरी आणि सोनेरीवरून तांबूस होतो. गुळव्या पाकाचे दोन थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि मान हलवतो. त्या क्षणी पाकाचं तापमान साधारण 118 अंश सेल्सिअस असतं. आधी उतरवलं तर ढेप बसत नाही. नंतर उतरवलं तर गूळ काळवंडतो आणि कडवट लागतो.

हा तांबूस रंग येतो कुठून? उसातली साखर तापते तशी फुटते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात, त्यांच्यातून पाण्याचे रेणू निघून जातात आणि उरलेले तुकडे एकमेकांना चिकटत राहतात. रसातली थोडी अमिनो आम्लंही त्यात सामील होतात. भाकरीला पडणारे खरपूस डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, बिस्किटाचा रंग हे सगळं याच घराण्यातलं. हे रसायन शंभर वर्षांहून जुनं आहे आणि त्यात आता नवं काही सापडेल असं कुणाला वाटत नव्हतं.

2012 साली गुवाहाटीच्या आयआयटीतल्या अरुण चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यांनी ब्रेड, गूळ, साखरेचं कॅरॅमल, कॉर्नफ्लेक्स आणि बिस्किटं घेतली, त्यांतून अगदी बारीक कण वेगळे काढले आणि ते तपासले. कण निघाले कार्बनचे, आकारानं काही नॅनोमीटर. केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करावा. आणि अतिनील दिव्याखाली धरल्यावर हे कण उजेड देत होते.

लगेच आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होतं असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरावा. गुळव्याला ढेप हवी होती, उजेड नको होता. पण एक गोष्ट खरी, की ज्या पदार्थामागे जगभरच्या प्रयोगशाळा गेली वीस वर्षं लागल्या आहेत, तो आपण पुरणपोळीतून खात आलो आहोत.

प्रयोगशाळांना तो सापडला तोही न शोधता. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात वॉल्टर स्क्रिव्हन्स यांच्या गटाला कार्बनच्या नॅनोनळ्या शुद्ध करायच्या होत्या. या नळ्या विजेच्या ठिणगीनं कार्बनची वाफ करून मिळणाऱ्या काजळीत तयार होतात, पण काजळीत नळ्या कमी आणि कचराच फार. त्यांनी काजळी नायट्रिक आम्लात उकळली, ती पाण्यात उतरवली आणि तो काळा काढा जेलीच्या पट्टीवर ठेवून तिच्यातून वीज सोडली. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायला वापरतात तीच ही पद्धत. लांब नळ्या जेलीच्या तोंडाशीच अडकल्या. आखूड तुकडे हळूहळू पुढे सरकले. आणि सगळ्यांच्या पुढे एक पट्टा झपाट्यानं पळाला, जो कुणी मागितलेला नव्हता. तो अतिनील दिव्याखाली चमकत होता. पुन्हा वेगळा केल्यावर त्यातून निळसर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे रंग निघाले. 2004 साली हे छापून आलं. नळ्या शुद्ध करणारे नळ्या विसरून त्या न मागितलेल्या पट्ट्याकडे बघू लागले.

दोन वर्षांनी क्लेमसन विद्यापीठात या-पिंग सन यांच्या गटानं ग्रॅफाइट आणि सिमेंट मिसळून केलेल्या वडीवर लेझरचा मारा केला आणि असेच कण मिळवले. ‘कार्बन डॉट’ हे नाव त्यांच्यामुळे रुळलं. मराठीत आपण कार्बनचे ठिपके म्हणू. या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट नावाची नाही. लेझरनं उडवलेले कण सुरुवातीला काहीच उजेड देत नव्हते. आम्लात शिजवल्यावरही नाही. त्यांच्या पृष्ठभागावर एका लांबलचक सेंद्रिय रेणूची झूल चढवली तेव्हा कुठे ते उजळले.

या एका निरीक्षणात पुढचं सगळं आहे. कोळसा काळा असतो कारण तो पडलेला प्रकाश गिळतो आणि त्याची उष्णता करून टाकतो. कण लहान केला म्हणून ही सवय आपोआप सुटत नाही. पाच नॅनोमीटरच्या ठिपक्यात कार्बनचे सहा-सात हजार अणू बसतात, आणि त्यातला मोठा हिस्सा कडेला किंवा कडेजवळ असतो. कडेवरचे अणू अर्धवट मोकळे असतात. त्यांना ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन येऊन चिकटतात. प्रकाशानं उचललेला इलेक्ट्रॉन या कडेवरच्या खाचखळग्यांत अडकतो आणि तिथून खाली उतरताना उजेड सोडतो. कड नीट बांधलेली नसेल तर तो गुपचूप उष्णता होऊन जातो. उजेडात गाभ्याचा वाटा किती आणि पृष्ठभागाचा किती, यावर संशोधकांत अजून भांडण आहे. पृष्ठभाग बदलला की उजेड बदलतो, एवढ्यावर मात्र एकमत आहे.

मग पाककृतींचा पूर आला. 2007 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या चेंगदे माओ यांच्या गटानं मेणबत्तीची काजळी वापरली. घरी काजळ धरायला तेलाच्या दिव्यावर ताटली धरत, तसंच. फक्त पुढे तुपात खलण्याऐवजी ती नायट्रिक आम्लात उकळायची. निरनिराळ्या रंगांचे ठिपके मिळाले, पण मिणमिणते. 100 प्रकाशकण गिळले तर दोनसुद्धा परत येत नव्हते. 2012 मध्ये भारतीय संशोधकांनी संत्र्याचा रस बंद भांड्यात 120 अंशांवर अडीच तास ठेवला आणि हा आकडा 26 पर्यंत नेला. शिट्टीवर आलेला आपला प्रेशर कुकर साधारण याच तापमानाला असतो. पुढच्याच वर्षी चीनच्या जिलिन विद्यापीठातल्या बाई यांग यांच्या गटानं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, आणि इथिलीनडायअमिन यांचं मिश्रण पोलादी भांड्यात 200 अंशांवर पाच तास शिजवलं. आकडा गेला 80 वर. त्यानंतर लसूण, कोथिंबीर, दूध, कलिंगडाची साल, मंडईच्या पिशवीत मावेल ते सगळं कुणी ना कुणी शिजवून पाहिलेलं आहे. त्यातले कितीतरी निबंध मला साच्यातून काढल्यासारखे वाटतात: भाजी बदलायची, बाकी मजकूर तोच. पण शिजवताना सगळ्यांना गुळव्याचीच अडचण येते. कमी शिजलं तर ठिपके बनतच नाहीत, जास्त शिजलं तर सगळं काळं पडतं आणि उजेड जातो.

आता हे ठिपके धातू कसे ओळखतात ते पाहू. त्यासाठी कार्बनची गरज नाही, टॉनिक वॉटरची बाटली पुरे. नोटा तपासायचा अतिनील दिवा घ्या, खोली अंधारी करा. टॉनिक वॉटरमध्ये कडवटपणासाठी क्विनीन असतं आणि ते दिव्याखाली निळंशार दिसतं. क्विनीनच्या द्रावणातली ही निळाई जॉन हर्शेल यांनी 1845 मध्ये नोंदवली आणि जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1852 मध्ये तिचा उलगडा केला: पदार्थ डोळ्यांना न दिसणारा प्रकाश गिळतो आणि थोडी ऊर्जा गमावून दिसणारा प्रकाश परत देतो. फ्लोरस्पार या खनिजावरून त्यांनी तिला जे नाव दिलं त्यालाच आपण प्रतिदीप्ती म्हणतो. आता त्या पेल्यात चमचाभर मीठ टाका आणि ढवळा. निळा उजेड बघता बघता मंदावतो. क्विनीन कुठे गेलेलं नाही, पेल्यातच आहे. पण मिठातले क्लोराइड आयन उत्तेजित क्विनीनला धडकतात आणि त्यानं उजेड सोडण्याआधीच त्याची ऊर्जा काढून घेतात.

मीठ किती टाकलं आणि उजेड किती घटला, यांचं गणित ऑटो स्टर्न आणि माक्स फोल्मर यांनी 1919 मध्ये मांडलं. म्हणजे उजेड मोजला की मीठ मोजता येतं. धातूंच्या संवेदकाची सगळी युक्ती ही एवढीच. क्विनीनच्या जागी कार्बनचा ठिपका आणि क्लोराइडच्या जागी लोह, तांबं किंवा पारा.

ठिपक्याचं पारडं जड होतं ते त्याच्या कडेमुळे. तिथल्या आम्लगटांना, अमाइन गटांना धातूचे आयन आवडतात. तीन धनभारांचा लोहाचा आयन तिथे येऊन बसला, की उचललेला इलेक्ट्रॉन खाली उतरण्याऐवजी लोहाच्या अर्धवट भरलेल्या कक्षेत उडी मारतो. उजेड विझतो. पाऱ्याला नायट्रोजन आणि गंधक अधिक प्रिय, म्हणून त्याच्यासाठी कड तशी बांधायची. आणखी गंमत अशी, की पाऱ्यानं विझवलेल्या द्रावणात सिस्टीनसारखं गंधक असलेलं अमिनो आम्ल टाकलं तर ते पाऱ्याला ओढून नेतं आणि ठिपका पुन्हा पेटतो.

यातलं एक उदाहरण पपनसाचं. चिनी संशोधकांनी 2012 मध्ये पपनसाच्या सालीपासून असे कण केले आणि त्यांनी पाऱ्याचं अस्तित्व लिटरमागे 0.23 नॅनोमोलपर्यंत ओळखलं. आकडा पचायला कठीण आहे, म्हणून घरचा हिशेब करू. भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात पारा लिटरमागे 0.001 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. म्हणजे साधारण पाच नॅनोमोल. पपनसाची साल त्याच्या विसाव्या हिश्श्याइतका पारा टिपते. हेच काम करणारी यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांत असतात, लाखोंची, आणि ती चालवायला शिकलेला माणूस लागतो. सालीचा काढा आणि अतिनील दिवा यांच्या मोहात माणसं का पडतात ते यावरून कळेल.

मोहात पडल्यावर डोळे उघडे ठेवावे लागतात. देवघरातला दिवा मंद दिसला तर दोन शक्यता असतात: वात खाली गेली, किंवा मध्ये कुणी उभं राहिलं. लोहाचं द्रावण पिवळसर असतं, कारण तीन भारांचं लोह अतिनील आणि जांभळा प्रकाश स्वतःच गिळतं. नेमका तोच प्रकाश ठिपक्याला उजळवायला वापरतात. मग उजेड घटला तो लोहानं ठिपक्याला पकडलं म्हणून, की ठिपक्यापर्यंत प्रकाश पोचलाच नाही म्हणून? ठिपका उत्तेजित झाल्यावर त्याचा उजेड काही नॅनोसेकंद टिकतो. लोह टाकल्यावर हा काळ आखडला तर धडक खरी. काळ तेवढाच राहिला तर लोह आधीपासून चिकटून बसलेलं असेल किंवा नुसताच पडदा असेल, आणि मग द्रावण किती प्रकाश गिळतं ते मोजून निवाडा करावा लागतो. पडदा असला तरी मोजमाप होतं, पण मग ठिपक्याच्या कडेची एवढी वर्णनं कशाला? असा निवाडा न करताच इलेक्ट्रॉनच्या उडीचं चित्र छापणारे निबंध पुष्कळ आहेत.

दुसरी अडचण विहिरीची. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात एकेक धातू टाकून आलेख काढतात: लोहासमोर खांब खाली, बाकी सगळ्यांसमोर उंच. खऱ्या पाण्यात हे सगळे एकाच वेळी असतात, वर कुजलेल्या पालापाचोळ्यातून उतरलेली सेंद्रिय द्रव्यं, जी स्वतःच निळसर चमकतात. पाऱ्याचं तर रूपही महत्त्वाचं. जपानमधल्या मिनामाटाच्या कोळ्यांना ज्यानं अपंग केलं तो मिथिल पारा होता, आणि साध्या पाऱ्याच्या आयनासाठी बांधलेला ठिपका त्यालाही तसाच ओळखेल असं धरून चालता येत नाही. एकाच दिव्याच्या मंद-प्रखरपणावर विसंबण्यापेक्षा हल्ली निळ्या ठिपक्यासोबत न विझणारा तांबडा रंग ठेवतात. धातू आला की निळा मावळतो, तांबडा राहतो, आणि द्रावण डोळ्यांदेखत निळ्याचं जांभळं, जांभळ्याचं तांबडं होतं. त्याची कागदी पट्टी करता येते, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं तिचा रंग मोजता येतो. मला या वाटेवर जास्त भरवसा वाटतो.

पेशींकडे वळलं की प्रश्न बदलतात. पेशीच्या आत काय चाललंय ते बघायला तिला रंगवावं लागतं. जुने सेंद्रिय रंग सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर प्रकाशात लवकर उडतात. त्यांच्यापेक्षा टिकाऊ आणि प्रखर म्हणून अर्धवाहकांचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे क्वांटम डॉट आले, ज्यांच्यासाठी 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना मिळालं. त्यांची गाजलेली जात कॅडमियम सेलेनाइडची. कॅडमियम म्हणजे ज्यानं जपानच्या जिंझू नदीकाठच्या शेतकऱ्यांची हाडं ठिसूळ केली आणि ज्या आजाराचं नावच ‘दुखतंय-दुखतंय’ पडलं, ते. टीव्हीच्या पडद्याआड ते ठीक आहे, शिरेतून टोचायला नको. कार्बनच्या ठिपक्यांसाठी ही जागा रिकामी होती.

या-पिंग सन यांच्याच गटानं 2007 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना हे ठिपके दिले. पेशींनी ते गिळले. पेशीचं आवरण आणि आतला द्रव उजळला, केंद्रकात मात्र ठिपके फारसे शिरले नाहीत. हाच प्रयोग चार अंश सेल्सिअसवर केला तेव्हा पेशी काळ्याच राहिल्या. म्हणजे ठिपके आवरणातून झिरपत नाहीत. पेशी आपलं आवरण आत मुडपून त्यांचा घास घेते, आणि गारठ्यात तिला ते काम जमत नाही. दोन वर्षांनी जिवंत उंदरांत टोचलेल्या ठिपक्यांचा उजेड कातडीबाहेरून टिपला गेला.

इथे रंगाचा पेच येतो. अंधारात मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरा. पांढऱ्या प्रकाशातला फक्त तांबडा हाताआरपार येतो, निळा आतच मरतो. आणि बहुतेक सोप्या पाककृती देतात निळा ठिपका. शिवाय पेशींमधली काही द्रव्यं स्वतः निळ्या-हिरव्या रंगात चमकतात, त्या गर्दीत आपला ठिपका हरवतो. सन यांनी 2007 मध्ये काढलेली वाट अशी की 800 नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरचे दोन प्रकाशकण एकदम ठिपक्यावर मारायचे. दुसरी वाट ठिपकाच तांबडा बनवायची. त्यावर सध्या सर्वाधिक घाम गाळला जातो आहे.

कार्बनचा आहे म्हणजे निरुपद्रवी, हे वाक्य मात्र मला पटत नाही. चुलीची काजळीही कार्बनच असते. ठिपक्याचं विष त्याच्या कडेवर काय बांधलं आहे, तो किती दिवस शरीरात राहतो आणि त्याच्यावर उजेड पडतो की नाही, यावर ठरतं. साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून लवकर निघून जातात, मोठे यकृतात आणि प्लीहेत साठतात. काही ठिपके प्रकाश पडताच ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार करतात. तेवढ्यावरून कर्करोगाच्या पेशी मारायची औषधं करायचा प्रयत्न सुरू आहे, म्हणजे ते निरुपद्रवी नाहीत हे आपणच मान्य केलं.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र शिजवून झाल्यावरच्या गाळणीत दडलेला आहे. चक्का करताना दही फडक्यात टांगतो, पाणी गळून जातं, चक्का फडक्यात राहतो. ठिपके शुद्ध करायचे ते असेच. अर्धपारगम्य पिशवीत काढा भरायचा, दोन्ही तोंडं बांधायची आणि ती शुद्ध पाण्याच्या चंचुपात्रात एक-दोन दिवस सोडायची. अर्धवट शिजलेले लहान रेणू पिशवीच्या छिद्रांतून बाहेर पडतात, ठिपके आत राहतात. बाहेरचं पाणी ओतून देतात.

2015 मध्ये, ज्या गटानं लिंबूसत्त्वापासून 80 टक्क्यांचा ठिपका केला होता त्याच गटानं त्या मिश्रणातून एक लहानसा रेणू वेगळा काढला. आयपीसीए हे त्याचं सुटसुटीत नाव. तो ठिपका नाही, नॅनोकण नाही, नेहमीच्या सेंद्रिय रंगासारखा साधा रेणू आहे, आणि त्या प्रसिद्ध निळ्या उजेडाचा मोठा वाटा त्याचा निघाला. काही ठिपक्यांच्या कडेला तो चिकटलेला असतो, काही वेळा पाण्यात मोकळाच फिरतो. ज्यांनी पिशवीत घालायचा कंटाळा केला, किंवा दोन तासांतच पिशवी बाहेर काढली, त्यांनी ठिपक्यांच्या नावावर कुणाचा उजेड मोजला हे सांगणं कठीण आहे. त्यामुळे हे काम नव्यानं शिकणाऱ्याला माझं एवढंच सांगणं असतं, की पिशवी बाहेर काढल्यावर चंचुपात्रातलं पाणी लगेच मोरीत ओतू नकोस. दिवे घालव आणि आधी त्याच्यावर अतिनील दिवा धरून बघ. कितीतरी वेळा पिशवीत तपकिरी मिणमिण असते आणि फेकायचं पाणी निळंशार चमकत असतं.